आधी माप बरोबर घ्या: प्लस-साइझ कृष्णवर्णीय स्त्रीच्या आरोग्याची व्यवहारी वाट

अमेरिकेत २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी सुमारे ५७ टक्के जणींचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) ३० किंवा त्याहून जास्त निघाला. म्हणजे या समाजात जाड असणं हा अपवाद नाही. तरीही दवाखान्यातली खुर्ची, रक्तदाबाचा पट्टा, तपासणीचा गाऊन, दुकानातली ब्रा, पोहायची टोपी, यांतलं काहीच या बाईला धड बसत नाही. घसा दुखतो म्हणून जावं तर ऐकावं लागतं, "वजन कमी करा." मग ती दवाखान्याची पायरी चढणं सोडते. चालणं, पोहणं, चांगले कपडे, मॅमोग्राफी हे सगळं "थोडं वजन उतरलं की बघू" म्हणून पुढे ढकललं जातं, आणि त्यात दहा-दहा वर्षं निघून जातात.

इथे क्रम उलटा ठेवला आहे. आजच्या शरीराला बसतील अशी मापं आणि साहित्य आधी, चालणं आणि ताट त्यानंतर, वजन सर्वांत शेवटी. अमेरिकेत डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट किंवा आहारतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या मराठी मंडळींना अशा स्त्रिया रोज भेटतात. त्यांना यातलं बरंच कामाला येईल. महाराष्ट्रातल्या अंगाने भरलेल्या बाईलाही यातलं पुष्कळसं लागू आहे. आपले आकडे जिथे वेगळे आहेत, तिथे तसं सांगितलं आहे.

रक्तदाब: पट्टा कुठला लावला?

अमेरिकेतल्या प्रौढ कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त जणींना उच्च रक्तदाब आहे, म्हणून सुरुवात इथूनच.

खांद्याचं वरचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर पेनाने खूण करा. हात सैल सोडा आणि खुणेवर शिंप्याची टेप गुंडाळा. टेप त्वचेला टेकावी, रुतू नये. घेर २७ ते ३४ सेंमी असेल तर नेहमीचा पट्टा चालतो, ३५ ते ४४ सेंमीला मोठा लागतो आणि ४५ ते ५२ सेंमीला सर्वांत मोठा. घरी वापरायच्या बऱ्याच यंत्रांबरोबर नेहमीचाच पट्टा येतो. मोठा वेगळा मागवावा लागतो आणि तो त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा हवा. दुसऱ्या कंपनीचा नळीत बसला तरी आकडा भरवशाचा राहत नाही.

एवढा आटापिटा कशाला? बाल्टिमोरमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सर्वांत मोठा पट्टा लागणाऱ्या लोकांना मुद्दाम नेहमीचा पट्टा लावून पाहिला. वरचा आकडा सरासरी १९.५ ने फुगला. म्हणजे खरा रक्तदाब १२४ असेल तर कागदावर १४३-१४४ उमटतो आणि नको असलेली गोळी सुरू होते. याची दुसरी बाजूही आहे. "माझा आकडा पट्ट्यामुळेच वाढलाय" असं ठरवून चालू गोळी बंद करणाऱ्याही आहेत. तसं करू नका. बरोबर पट्ट्याने आठवडाभर मोजा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

मोजण्याआधी अर्धा तास कॉफी, व्यायाम, सिगारेट नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता ५ मिनिटं शांत बसा. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीवर. दंड उघडा हवा. घट्ट बाही वर सरकवून लावलेला पट्टा चुकीचा आकडा देतो. मोजताना बोलायचं नाही, फोनवर तर अजिबात नाही. सकाळी गोळीच्या आधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एकेका मिनिटाची विश्रांती, असं ७ दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि उरलेल्यांची सरासरी काढा. अमेरिकन निकषांनुसार ती १३०/८० किंवा त्याच्या वर असेल तर डॉक्टरांशी बोलायला हवं.

दंड खांद्याकडे जाड आणि कोपराकडे निमुळता असेल तर सरळ पट्टा खाली घसरतो. अशांसाठी शंकूच्या आकाराचा पट्टा मिळतो. तो नाही मिळाला तर प्रमाणित मनगटी यंत्र वापरा, पण मनगट छातीच्या उंचीवर धरूनच. मांडीवर हात ठेवून घेतलेला आकडा हमखास जास्त येतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या. नावाच्या शेवटी 'प्रिल' येणाऱ्या गोळ्यांमुळे (लिसिनोप्रिल, एनालाप्रिल वगैरे) ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजण्याचा धोका कृष्णवर्णीयांमध्ये इतरांपेक्षा बराच जास्त असतो. गोळी वर्षभर चालू असली तरी सूज येऊ शकते. आली तर थेट इमर्जन्सीत जायचं, ॲलर्जीची गोळी घेऊन वाट बघायची नाही. आणि गरोदरपणात किंवा बाळंत झाल्यावर पहिल्या ६ आठवड्यांत १४०/९० दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, १६०/११० दिसलं तर लगेच हॉस्पिटल. अमेरिकेत बाळंतपणाशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये गोऱ्या स्त्रियांच्या जवळपास तिप्पट आहे. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, याला "थकवा असेल" म्हणून कोणी परत पाठवत असेल तर आकडा दाखवा आणि हलू नका.

बीएमआय आणि कंबर

बीएमआयचं सूत्र १८३० च्या दशकात बेल्जियमच्या अडॉल्फ केटले या संख्याशास्त्रज्ञाने युरोपीय लोकांच्या मापांवरून मांडलं. त्याला एकेका रुग्णाचं आरोग्य मोजायचं नव्हतं, 'सरासरी माणूस' शोधायचा होता. आजचं नाव त्या सूत्राला १९७२ साली अमेरिकन संशोधक ॲन्सेल कीज यांच्या लेखातून मिळालं. २०२३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही मान्य केलं की एकट्या बीएमआयवर विसंबू नये.

सारख्याच बीएमआयला कृष्णवर्णीय स्त्रीच्या पोटाच्या आत, आतड्यांभोवती, सरासरीने गोऱ्या स्त्रीपेक्षा कमी चरबी असते. आपल्याकडे नेमकं उलट आहे. भारतीय शरीर चरबी पोटाच्या आत साठवतं, म्हणून आपल्याकडे २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात. तेव्हा न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी बाईने कृष्णवर्णीय शेजारणीचा ३१ बीएमआय आणि नॉर्मल साखर बघून स्वतःच्या २७ बद्दल निर्धास्त राहू नये. शेजारणीचा आत्मविश्वास जरूर घ्यावा, आकडे मात्र आपलेच वापरावेत.

कंबर मोजताना पँटचा पट्टा जिथे बसतो तिथे टेप लावली जाते, ती चूक. बाजूने बोटं फिरवून सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड शोधा; टेप त्यांच्या मधोमध. पोट लोंबत असेल तर आरशाकडे कूस करून उभं राहून टेप मागे खाली घसरलेली नाही ना ते बघा. सहज श्वास सोडा आणि वाचा. अमेरिकेत स्त्रियांसाठी ८८ सेंमीची रेषा धरतात, भारतीय स्त्रियांसाठी ८० ची. त्याहून सोपं म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी आहे का ते बघणं. बीएमआय ३५ च्या पुढे गेला की कंबरेचा आकडा नवीन काही सांगत नाही. तिथे रक्तदाब, साखर आणि रक्तातल्या चरबीच्या तपासण्यांकडे बघावं.

साखरेची तपासणी कुठे फसते

एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, असं सगळेच सांगतात. पण ही तपासणी लाल रक्तपेशींवर चालते आणि पेशी वेगळ्या असतील तर आकडा चुकतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांपैकी साधारण दर १३ जणांत एक जण सिकल सेलचा (लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या करणाऱ्या आनुवंशिक आजाराचा) वाहक असतो. २०१७ सालच्या एका मोठ्या अभ्यासात अशा वाहकांचा एचबीए१सी, रक्तातली साखर सारखीच असूनही, सुमारे ०.३ ने कमी निघाला. ५.६ वर "सगळं छान" म्हणून घरी पाठवलेल्या बाईचा खरा आकडा ५.९ असू शकतो, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था.

हे गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या वाचकांनाही तितकंच लागू आहे. तिथल्या आदिवासी समाजांत सिकल सेलचं प्रमाण मोठं आहे.

आता याच्या विरुद्ध दिशेची गडबड. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये लवकर आणि जास्त होतात. अमेरिकेतल्या एका अभ्यासात पन्नाशीपर्यंत त्यांच्यापैकी ८० टक्क्यांहून जास्त जणींना त्या आढळल्या. पाळीत रक्त जास्त जातं, लोह कमी होतं, आणि लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खोटा वाढतो. म्हणून नुसत्या एका आकड्यावर थांबू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि उपाशीपोटीची साखर एकत्र मागा. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, १२६ किंवा वर दोनदा आली तर मधुमेह. दोन तपासण्या एकमेकींशी जुळत नसतील तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची चाचणी सांगा.

मानेवर, काखेत मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा दिसला तर घासू नका. तो मळ नाही, शरीराला इन्सुलिन पुरेसं लागू पडत नसल्याची ती खूण आहे. लिंबू-साखरेने रगडून फक्त जखम होते.

घड्यांतली त्वचा, मांड्यांचं घासणं

ही बाब लाजेपोटी कोणी बोलत नाही आणि चालणं बहुतेक वेळा हिच्यामुळेच सुटतं.

स्तनांखाली, पोटाच्या घडीत, जांघेत घाम साचतो, कातडी कातडीवर घासते, मग बुरशी धरते. पुस्तकात लिहिलेला 'लालसर पुरळ' काळ्या त्वचेवर लाल दिसतच नाही. तो जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसतो, आणि म्हणूनच अनेकदा निदान चुकतं. मुख्य डागाच्या कडेला बारीक सुट्या पुटकुळ्या दिसल्या तर बुरशी समजावी. आंघोळीनंतर घडी उचलून मऊ पंच्याने टिपा, रगडू नका. मग गार हवेवर ठेवलेल्या हेअर ड्रायरने अर्धा मिनिट वाळवा. क्लोट्रिमॅझोलचं साधं मलम दिवसातून दोनदा, २ ते ४ आठवडे. डाग गेल्यासारखा वाटला तरी पुढे आठवडाभर लावायचंच. लवकर थांबवणं हेच ते परत उलटण्याचं सर्वांत मोठं कारण. बरं झाल्यावर झिंक ऑक्साइडचा पातळ थर आणि घडीत सुती कापडाची पट्टी.

भारतात मेडिकलवाल्याकडे "खाजेचं मलम" मागितलं की स्टिरॉइड मिसळलेली तीन-चार औषधांची ट्यूब हातात पडते. दोन दिवसांत खाज जाते, बुरशी मात्र आतून पसरते आणि नेहमीच्या औषधाला दाद देईनाशी होते. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर परत करा.

काखेत किंवा जांघेत त्याच त्याच जागी दुखरी गळवं येत असतील, फुटून व्रण राहत असतील, तर तो अस्वच्छतेचा प्रश्न नाही. हिड्राडेनायटिस नावाचा आजार आहे, कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये जास्त दिसतो, त्याला उपचार आहेत. दाबू नका, तिथले केस ब्लेडने काढणं थांबवा, त्वचातज्ज्ञ गाठा.

मांड्या घासण्यावर दोन उपाय: घाम शोषणारी लांब शॉर्ट्स, जिची कड घासण्याच्या जागेच्या किमान ५ सेंमी खाली येते (वर सरकणारी आखूड शॉर्ट्स गुंडाळी होऊन जास्त कापते), किंवा घर्षण रोखणाऱ्या बामची कांडी, कोरड्या त्वचेवर, निघण्याआधी. व्हॅसलिन चालतं, पण तासाभराने पुन्हा लावावं लागतं.

ब्रा

पाठ आणि खांदे दुखण्याचं खापर वजनावर फुटतं. पुष्कळदा दोष ब्राच्या मापाचा असतो. नेहमीची चूक ठरलेली: पट्टा फार ढिला आणि कप फार लहान. सगळा भार मग खांद्याच्या पट्ट्यांवर येतो आणि तिथे खाचा पडतात.

श्वास सोडून छातीखालचा घेर घट्ट टेपने इंचात मोजा. मग कमरेतून वाकून, स्तन खाली लोंबू देऊन, सर्वांत भरलेल्या जागी सैल टेपने मोजा. जड स्तनांचं माप उभ्याने कमीच येतं. समजा खालचा घेर ४० इंच, वरचा ४७. पट्टा ४०, फरक ७. अमेरिकन पद्धतीत ७ म्हणजे जी कप, ब्रिटिश पद्धतीत तेच माप एफ. ऑनलाइन मागवताना कंपनी कुठली पद्धत वापरते ते आधी बघा, परत पाठवाव्या लागलेल्या निम्म्या ब्रा याच घोळातल्या असाव्यात. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे ढिल्या हुकावर बसली पाहिजे. पाठीवर पट्टा आडवा सरळ राहावा, वर चढू नये. मधला तुकडा छातीच्या हाडाला टेकावा. व्यायामासाठी दोन वेगळ्या कपांची घ्या. नुसती दाबून सपाट करणारी ब्रा मोठ्या स्तनांना आवरत नाही आणि मध्ये घाम साचवते. दुकानातच दहा उड्या मारून बघा.

केस: व्यायाम सुटण्याचं खरं कारण

बाहेरच्या माणसाला हे क्षुल्लक वाटतं. पण प्रेस केलेले (गरम कंगव्याने सरळ केलेले), वेणी घातलेले किंवा रिलॅक्स केलेले (रसायनाने सरळ केलेले) केस करायला अर्धा दिवस आणि बरेच डॉलर लागतात, आणि घामाने ते एका तासात फिस्कटतात. आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांच्या एका पाहणीत सुमारे ४० टक्के जणींनी केसांपायी कधी ना कधी व्यायाम टाळल्याचं सांगितलं. २०११ साली तेव्हाच्या सर्जन जनरल (सार्वजनिक आरोग्यावर बोलणाऱ्या अमेरिकी सरकारच्या प्रमुख डॉक्टर) रेजिना बेंजामिन अटलांटातल्या मोठ्या हेअर शोमध्ये जाऊन हेच बोलल्या, तेव्हा काहींनी नाकं मुरडली. त्यांनी अचूक जागी बोट ठेवलं होतं.

जमतं ते असं. व्यायामाच्या आधी केसांच्या कडेला सॅटिनची पट्टी बांधा. घाम टिपायला तिच्यावर टेरीची, म्हणजे टॉवेलच्या कापडाची. संपल्यावर लगेच सोडू नका. केस पूर्ण वाळेपर्यंत, साधारण १५-२० मिनिटं, तशीच राहू द्या. ओल्यावर सोडली की केस त्याच क्षणी फुगतात. केस धुवायच्या दिवसाआधीचे दोन दिवस जोरदार व्यायामाला ठेवा, नुकतेच केलेले असतील तेव्हा वजन उचलणं आणि सावकाश चालणं. वेण्यांमध्ये टाळू खाजू लागली तर पाण्यात पातळ केलेला शाम्पू कापसाने फक्त भांगांवर लावून पुसून घ्या. वेण्या ६ ते ८ आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नयेत; घालताना डोकं दुखलं तर त्या फार ओढल्या आहेत, आणि अशाने कपाळाजवळचे गेलेले केस परत येतीलच असं नाही.

पोहायला जाताना केस आधी साध्या पाण्याने ओले करून कंडिशनर लावा, म्हणजे क्लोरीन कमी शिरतं. दाट आणि वेणीच्या केसांसाठी मोठ्या टोप्या मिळतात. त्यांपैकी सोल कॅपला २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर जागतिक जलतरण संघटनेने नकार दिला; बोंबाबोंब झाली आणि २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

चालणं आणि उठणं-बसणं

टी. मॉर्गन डिक्सन आणि व्हेनेसा गॅरिसन यांनी २०१० साली गर्लट्रेक सुरू केलं. मागणी एवढीच: रोज ३० मिनिटं घराबाहेर पडून चाला, जमेल तर मैत्रिणीला घेऊन. जिमची फी नाही, वजनकाटा नाही. लाखो कृष्णवर्णीय स्त्रिया यात आल्या, त्याचं एक कारण हा साधेपणा.

पण ३० मिनिटं ही पहिल्या दिवसाची मात्रा नव्हे. बरेच दिवस बसून काढलेल्या बाईने आठवड्यातले ५ दिवस, १० मिनिटं, सपाट रस्त्यावर सुरुवात करावी आणि दर आठवड्याला २-३ मिनिटं वाढवावीत. आठव्या-नवव्या आठवड्यात अर्धा तास होतो. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. चालताना गुडघा १० पैकी ३ पर्यंत दुखला आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत झाला तर ठीक. सकाळीही दुखत असेल तर मागच्या आठवड्याच्या मात्रेवर परत. नडगीचा पुढचा भाग किंवा टाच दुखणं बहुतेक वेळा एकदम वाढवलेल्या अंतरामुळे किंवा चेपलेल्या बुटांमुळे असतं. स्त्रियांच्या बुटांत रुंदीची अक्षरं असतात: बी म्हणजे नेहमीची, डी रुंद, २ई अतिरुंद. लांबीला एक नंबर मोठा घेऊन रुंदीचं काम भागवू नका, टाच आत घसरते आणि फोड येतात. बूट संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, घ्यावेत.

आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली, ४५ सेंमी उंचीची मजबूत खुर्ची घ्या. पावलं खांद्याएवढी किंवा थोडी जास्त फाकवा, बोटं किंचित बाहेर. पोटाला पुढे झुकायला जागा लागते, ती अशी मिळते. नाक पुढे नेत उठा, उठताना श्वास सोडा. श्वास कोंडला की रक्तदाब उसळतो. ८ वेळा, २ फेऱ्या. उठता येत नसेल तर खुर्चीवर दोन घट्ट उश्या ठेवा आणि दोन-दोन आठवड्यांनी एकेक काढा. गुडघे आत वळत असतील तर मांड्यांभोवती हलका रबर बँड बांधून बाहेर ढकलत उठा. सोबत भिंतीवरचे पुश-अप आणि बँड ओढणं, तितक्याच फेऱ्या. ट्रेडमिल, सायकल, स्टूल या सगळ्यांवर वजनमर्यादा लिहिलेली असते, आधी वाचावी.

ताट

दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय स्वयंपाकाला अनारोग्याचं घर म्हणणं हा आळशीपणा आहे. कॉलर्ड ग्रीन्स (कोबीच्या कुळातली पालेभाजी), रताळी, भेंडी, चवळी ही मुळातच उत्तम शिदोरी. घात करतात खारवलेलं डुकराचं मांस, सीझनिंग सॉल्ट आणि गोड चहा. आणि ही सामग्री आपल्याला परकी नाही: चवळी, ज्वारी, बाजरी, नाचणी या सगळ्यांचं मूळ आफ्रिकेत आहे. तिकडे नवीन वर्षाला चवळीभात रांधतात, त्याला हॉपिन जॉन म्हणतात.

कॉलर्ड ग्रीन्स असे करा. ९०० ग्रॅम पानं तीन पाण्यांतून धुवा, खाली वाळू राहते. जाड देठ काढा, पानांची गुंडाळी करून बोटभर रुंद चिरा. एक मोठा कांदा आणि ४-५ लसूण पाकळ्या चमचाभर तेलात परता. हॅम हॉकऐवजी (डुकराच्या पायाच्या खारवलेल्या तुकड्याऐवजी) स्मोक्ड टर्कीचा एकच तुकडा घाला, दीड लिटर पाणी घालून आधी तोच ४५ मिनिटं उकळा. धुरकट चव पाण्यात उतरते. मग पानं, सुकी लाल मिरची, झाकण, मंद आचेवर ४५ ते ६० मिनिटं. मीठ घालू नका, टर्कीतच भरपूर असतं. गॅस बंद केल्यावर दोन चमचे व्हिनेगर. आंबटपणा आला की मिठाची उणीव भासत नाही. व्हिनेगर आधी घातलं तर पानं मळकट हिरवी होतात आणि शिजायला वेळ खातात.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या डॅश आहाराच्या प्रयोगात भाज्या, फळं, कमी स्निग्धांशाचं दूध-दही आणि दाणे वाढवल्यावर रक्तदाब उतरला, आणि कृष्णवर्णीयांमध्ये गोऱ्यांपेक्षा जास्त उतरला. दूध पचत नसेल, जे त्यांच्यात आणि आपल्यातही खूप जणांचं होतं, तर दही, ताक किंवा लॅक्टोजमुक्त दूध घ्या. दिवसाचं सोडियम २३०० मिग्रॅच्या आत, म्हणजे सगळ्या पदार्थांत मिळून छोटा चमचाभर मीठ. डब्यातली चवळी किंवा राजमा निथळून नळाखाली धुतला की सोडियम साधारण ४० टक्के जातं. पोटॅशियमचं 'कमी सोडियमवालं' मीठ मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी किंवा 'प्रिल' गोळ्या घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय वापरू नये.

गोड चहा एकदम तोडू नका. पहिला आठवडा तीन भाग गोड आणि एक भाग बिनसाखरेचा, मग अर्धा-अर्धा, मग एक-तीन. महिन्याभरात जीभ बदलते. कोलाच्या ३५५ मिलीच्या एका कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर असते. तिथे मात्र पातळ करण्याचा मार्ग नाही.

डॉक्टरांसमोर आणि आरशासमोर

अपॉइंटमेंट घेतानाच सांगा: "मोठा पट्टा आणि मोठा गाऊन तयार ठेवा." वजन करणं प्रत्येक भेटीत गरजेचं नसतं, भूल, औषधाची मात्रा, हृदयाचा विकार, गरोदरपण अशा वेळी असतं. नको असेल तर "आज वजनाची गरज कशासाठी आहे?" असं विचारा, किंवा काट्यावर पाठमोऱ्या उभ्या राहा आणि आकडा मोठ्याने वाचू नका म्हणून सांगा. दुखण्याला उत्तर म्हणून फक्त वजन मिळालं तर: "हीच तक्रार एखाद्या सडपातळ बाईने सांगितली असती तर कुठल्या तपासण्या केल्या असत्या? त्या माझ्याही करा." तरीही नकार आला तर तो कारणासह फाइलमध्ये लिहायला सांगा. लिहायची वेळ आली की पुष्कळ नकार विरघळतात.

पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं, एकदा जरी, तरी थांबू नका. जाड शरीरात गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि फायब्रॉइड असले की सोनोग्राफीत अस्तर नीट मोजता येत नाही. सोनोग्राफी ठीक आली तरी अस्तराच्या तुकड्याची तपासणी मागा. आणखी एक न सांगितली जाणारी गोष्ट: लेव्होनॉरजेस्ट्रेलची तातडीची गर्भनिरोधक गोळी बीएमआय ३० च्या वर कमी परिणामकारक ठरते. त्याऐवजी युलिप्रिस्टलची गोळी किंवा ५ दिवसांच्या आत तांबी.

आत्मविश्वासाच्या बाबतीत "मी सुंदर आहे" हे आरशासमोर घोकणं बहुतेकींना खोटं वाटतं आणि दोन दिवसांत सुटतं. त्यापेक्षा कामाची वाक्यं टिकतात: "या पायांनी आज २० मिनिटं चालवलं." कपाटातले न होणारे कपडे खोक्यात भरून नजरेआड करा आणि आजच्या मापाचे निदान तीन जोड घ्या. रोज सकाळी न बसणारी पँट चढवून बघणं ही स्वतःला दिलेली शिक्षाच. रात्री सगळे झोपल्यावर भरभर, पोट दुखेपर्यंत खाणं आणि मग लाज वाटणं हे आठवड्यातून एकदा, तीन महिने होत असेल तर ती इच्छाशक्तीची कमतरता नव्हे, बिंज ईटिंग हा आजार आहे. कृष्णवर्णीय बाई 'खंबीर' असायलाच हवी या अपेक्षेपायी तो त्यांच्यात फार उशिरा ओळखला जातो. अशा वेळी उपासाचं डाएट सुरू केलं तर आजार बळावतो; आधी समुपदेशन, तीन ठरलेली जेवणं.

वजन उतरवायचंच असेल तर

५ ते १० टक्के उतरलं तरी साखर, रक्तदाब, झोपेतला श्वास आणि गुडघे यांवर फरक दिसतो. ११० किलोच्या बाईसाठी ते साडेपाच ते अकरा किलो झाले, पन्नास नव्हेत. घोरणं, दिवसा पेंग येणं आणि मानेचा घेर ४१ सेंमीच्या पुढे असं असेल तर आधी झोपेची तपासणी करा. श्वास अडकून तुटणाऱ्या झोपेत भूक वाढते आणि कुठलंच डाएट टिकत नाही.

सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइडची वजन उतरवणारी इंजेक्शनं चालू केली तर भूक मरते आणि पहिला बळी प्रथिनांचा जातो. प्रत्येक जेवणात आधी अंडी, मासे, चिकन, चवळी किंवा दही संपवा, मग बाकीचं. वर सांगितलेला खुर्चीचा व्यायाम या काळात सोडू नका, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांची मात्रा कमी करावी लागू शकते, म्हणून घरची वही चालू ठेवा. टिर्झेपेटाइड घेताना गर्भनिरोधक गोळी पोटात नीट शोषली जात नाही. इंजेक्शन सुरू केल्यावर आणि दर वेळी मात्रा वाढवल्यावर ४ आठवडे कंडोम वापरा. दिवस राहावेत असं वाटत असेल तर सेमाग्लुटाइड किमान २ महिने आधी बंद करावं लागतं.